हिशेबाचा गोल : शेकडा, अंश आणि अडकलेला पैसा

नगरच्या कापड बाजारात आमच्या ओळखीचे एक दुकानदार आहेत. धंदा वडिलोपार्जित, गिऱ्हाईक बांधलेले, हिशेब चोख. शेजारचा गाळा मोकळा होणार म्हणून दुकान वाढवण्याचा त्यांचा विचार चालू होता. पण अनामत भरायची वेळ आली तेव्हा हातात पैसा नव्हता. विक्री तर दरवर्षी वाढत होती. मग पैसा गेला कुठे? खतावणी उघडून बसले, पाने उलटली, बेरजा तपासल्या. बेरजा सगळ्या बरोबर होत्या, उत्तर मात्र मिळेना.

उत्तर मिळाले ते त्यांच्या दहावीतल्या मुलीच्या कंपासपेटीतून. तिच्या गणिताच्या पुस्तकात वृत्तालेखाचा पाठ होता आणि सरावासाठी तिला आकडे हवे होते. अब्बांनी उधारीची यादी तिच्यापुढे सरकवली. तिने किती दिवसांची उधारी किती, अशा चार रकमा पाडल्या, परकाराने गोल काढला, कोनमापकाने चार फाका केल्या आणि म्हणाली, "अब्बा, नव्वद दिवसांवरची फाक काटकोनापेक्षा मोठी आली." म्हणजे उधारीतील चार आण्यांपेक्षा जास्त पैसा तीन महिन्यांहून अधिक काळ लोकांकडे पडून होता. ही गोष्ट वहीत लिहिलेलीच होती, पण चाळीस पानांत विखुरलेली. त्यांचे आकडे पुढे घेऊ. रकमा थोड्या बदलल्या आहेत, हिशेब तोच आहे. आधी हा गोल काढायचा कसा, ते पाहू.

शाळेच्या पुस्तकात याला वृत्तालेख म्हणतात, बँकेत आणि कॉम्प्युटरवर पाय चार्ट. कल्पना साधी आहे. संपूर्ण रक्कम म्हणजे एक पूर्ण भाकरी. तिचा जो भाग ज्या कामाला गेला, तेवढा तुकडा त्याच्या नावाचा. भाकरी एकच असल्याने एकाचा तुकडा वाढला तर दुसऱ्याचा घटणारच.

गणित दोन ओळींचे आहे. भागाला एकूण रकमेने भागा आणि शंभरने गुणा, म्हणजे शेकडा निघतो. त्याच भागाकाराला शंभरऐवजी ३६० ने गुणा, म्हणजे कोनाचे अंश निघतात. पूर्ण गोल ३६० अंशांचा, म्हणून एक टक्का म्हणजे ३.६ अंश. दहा टक्के म्हणजे ३६ अंश, पंचवीस टक्के म्हणजे ९० अंश, सुताराच्या गुण्याचा काटकोन. साडेबारा टक्के म्हणजे ४५ अंश. अडीच टक्के म्हणजे बरोबर ९ अंश. एवढे चार-पाच आकडे तोंडपाठ ठेवले की बाकीचे जुळवता येतात.

गोलाचे भाग १०० न करता ३६० का केले, असा प्रश्न अनेकांना पडतो. ही वहिवाट प्राचीन बाबिलोनची, म्हणजे आजच्या इराकची. तेथील लोक साठाच्या हिशेबाने मोजत. तासाची साठ मिनिटे ही त्याच हिशेबाची आठवण. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ३६० ची खुबी अशी की तो २, ३, ४, ५, ६, ८, ९, १०, १२ या सगळ्यांनी पूर्ण भागला जातो. शंभराचे तीन भाग करायला गेलात तर ३३.३३ चे शेपूट सुटत नाही; ३६० चे तीन भाग १२० वर सुखाने बसतात. फक्त सात भागीदार असतील तर त्रास, कारण ३६० ला सात जात नाही.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना तर हे गणित शिकवण्याचीही गरज नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तोपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते आणि भागीदारीची पत्ती आण्यांतच बोलली जाई. आजही वयस्कर व्यापारी "माझी पाच आणे पत्ती" असे म्हणताना ऐकू येतात. सोळा आणे म्हणजे ३६० अंश, म्हणजे एक आणा साडेबावीस अंशांचा. सात आणे, पाच आणे, चार आणे अशी तिघांची भागीदारी असेल तर फाका १५७.५, ११२.५ आणि ९० अंशांच्या. बेरीज ३६०. आपला जिल्हा दुष्काळाचा, त्यामुळे शेतकऱ्याला पिकाची आणेवारी, म्हणजे आताची पैसेवारी, सांगावी लागत नाही. पन्नास पैशांच्या आत पीक म्हणजे अर्ध्या गोलाच्या आत पीक. शेकडेवारीला लोक उगाच घाबरतात. पिढ्यान्‌पिढ्या आपण तेच करत आलो आहोत.

आता उदाहरण. श्रीरामपूरकडील एका मध्यम बेकरीचा महिन्याचा खर्च समजा १,८०,००० रुपये आहे. त्यात मैदा ६३,०००, डालडा ३६,०००, कारागिरांची मजुरी ३६,०००, साखर १८,०००, भट्टीचे जळण १३,५००, भाडे आणि वीज ९,०००, आणि कागद, पिशव्या, वाहतूक असे किरकोळ ४,५००. शेकडा काढला तर अनुक्रमे ३५, २०, २०, १०, ७.५, ५ आणि २.५ येतो. ३.६ ने गुणले की १२६, ७२, ७२, ३६, २७, १८ आणि ९ अंश.

याहून सोपी एक वाट आहे. एकूण रकमेलाच ३६० ने भागावे. १,८०,००० भागिले ३६० म्हणजे ५००. या बेकरीचा एक अंश पाचशे रुपयांचा झाला. मग कोणतीही रक्कम घ्या, पाचशेने भागा, अंश हजर. शेकड्याची मधली पायरीच नको. आणि उलटही जाता येते: फाक २७ अंशांची दिसली की सत्तावीस गुणिले पाचशे, १३,५०० रुपये. हीच युक्ती आपल्या जिल्ह्याला लावून पाहा. २०११ च्या जनगणनेत अहमदनगर जिल्ह्याची (२०२४ पासून अहिल्यानगर) लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. ३६० ने भागली की एक अंश सुमारे १२,६२० माणसांचा. त्या वेळी शहरी वस्ती २०.०९ टक्के होती, म्हणजे ७२.३ अंश, उरलेले २८७.७ अंश खेडी. चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्यात ज्याचा माल फक्त शहरातल्या दुकानांत विकला जातो, त्याने ती मोठी फाक एकदा डोळ्यांसमोर आणावी.

गोल काढताना

कागदावर परकाराने पाच-सहा सेंटिमीटर त्रिज्येचा गोल काढा. मध्यबिंदूपासून घड्याळात बाराचा काटा जिथे असतो तिथपर्यंत रेघ ओढा. ही मूळ रेघ. सर्वांत मोठी फाक इथून सुरू करून घड्याळाच्या दिशेने जायचे, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान. किरकोळ शेवटी.

नवशिके एक चूक हमखास करतात. पहिली फाक मोजली, तिच्या रेघेवर कोनमापक ठेवून दुसरी, दुसरीच्या रेघेवरून तिसरी. प्रत्येक वेळी पेन्सिलीच्या जाडीएवढी चूक होते आणि शेवटची फाक कागदावर ९ ऐवजी ५ किंवा १३ अंशांची निघते. यावर उपाय म्हणजे बेरीज करत जावी आणि प्रत्येक रेघ मूळ रेघेपासूनच मोजावी. वरच्या बेकरीत रेघा १२६, १९८, २७०, ३०६, ३३३, ३५१ वर येतील आणि ३६० ला गोल बंद होईल. आपला कोनमापक अर्धा, १८० पर्यंतचाच असतो. त्यापुढे जायचे असेल तर मूळ रेघ मध्यबिंदूतून खालीपर्यंत वाढवावी, कोनमापक उलट बाजूला लावावा आणि १८० वजा करून मोजावे. १९८ साठी १८, २७० साठी ९०, ३०६ साठी १२६.

कोनमापक नसेल तरी अडत नाही. शिंपीबंधूंच्या गळ्यात टेप असतेच. तिचा शून्य ते शंभर सेंटिमीटरचा भाग वाकवून शून्याची खूण शंभराच्या खुणेला चिकटवा आणि टेप कागदावर उभी धरून कडे करा. हे कडे १५.९ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलावर नेमके बसते. आता टेपवरचा एक सेंटिमीटर म्हणजे एक टक्का. मैदा शून्यापासून ३५ पर्यंत, डालडा ३५ ते ५५, मजुरी ५५ ते ७५, साखर ७५ ते ८५. खुणा करून मध्यबिंदूला जोडल्या की काम झाले. अंश नकोत, गुणाकारही नको.

पेंटर आणि सुतार यांच्यासाठी दुसरे माप आहे. ५७.३ सेंटिमीटर त्रिज्येची प्लायवूडची चकती कापली तर तिचा घेर ३६० सेंटिमीटर भरतो, म्हणजे कडेवरचा एक सेंटिमीटर हा एक अंश. चकती पावणेचार फुटांची होते, संस्थेच्या वार्षिक सभेत मागच्या रांगेतूनही दिसते. टेप चकतीच्या कडेवरून फिरवावी. वरच्या पृष्ठावर दोन खुणांमधले सरळ अंतर पट्टीने मोजू नये. ती जीवा झाली, घेर नव्हे, आणि मोठ्या फाकेत फरक चांगलाच पडतो. दगडावर किंवा लाकडावर जाळी-नक्षी करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते: परकार जेवढा उघडून गोल काढला तेवढाच ठेवून घेरावर पावले टाकत गेले की सहाव्या पावलाला तो सुरुवातीच्या जागी परत येतो. प्रत्येक पाऊल ६० अंशांचे, म्हणजे सोळा आणि दोन तृतीयांश टक्के.

कारागिरीचा विषय निघालाच आहे तर सांगायला हरकत नाही की या चित्राचा जनक मानला जाणारा विल्यम प्लेफेअर हा स्कॉटलंडचा माणूस गिरणीची यंत्रे बनवणाऱ्या अँड्र्यू मीकल याच्या हाताखाली उमेदवारी करून पुढे आलेला होता. नंतर वाफेच्या इंजिनासाठी प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॅटकडे तो नकाशे काढायला होता. १८०१ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात फाकांत विभागलेला गोल आला. त्यात त्याने तुर्की साम्राज्याचा मुलूख आशिया, युरोप आणि आफ्रिका या तीन खंडांत किती-किती पसरला आहे ते दाखवले होते. आधी पट्टी-परकार हाती धरलेल्या माणसालाच ही गोष्ट सुचली, याचे नवल वाटू नये.

कापड बाजारातील ती उधारी

बेकरीचे आकडे मुद्दाम सरळ घेतले होते. खरी वही अशी वागत नाही. आमच्या दुकानदारांची एकूण उधारी ४,३७,६५० रुपये होती. तीस दिवसांच्या आतली १,५२,३००. एकतीस ते साठ दिवसांची ९८,७५०. एकसष्ट ते नव्वद दिवसांची ७४,२००. नव्वदच्या पुढची १,१२,४००.

मुलीने प्रथम शेकडा काढला आणि पूर्णांकात केला: ३५, २३, १७, २६. बेरीज केली तर १०१. तिने तेच ३.६ ने गुणले. शेवटची फाक काढायला जागा पुरेना, कारण अंशांची बेरीज ३६३.६ होत होती. तिला वाटले गुणाकार चुकला. गुणाकार चुकला नव्हता. खरे शेकडे ३४.८०, २२.५६, १६.९५ आणि २५.६८ होते, चारही वर ढकलले गेले आणि चार ठिकाणची थोडी-थोडी भर मिळून एक टक्का जादा झाला.

म्हणून पहिला नियम: अंश काढताना गोळाबेरीज केलेला शेकडा वापरू नये, मूळ रक्कम वापरावी. मूळ रकमेवरून अंश आले १२५.२८, ८१.२३, ६१.०४ आणि ९२.४६. दशांश सोडून दिले तर १२५, ८१, ६१, ९२, बेरीज ३५९. आता एक अंश कमी पडला. तो कुणाला द्यायचा? ज्याचा सोडलेला दशांश सर्वांत मोठा, त्याला. इथे .४६ सर्वांत मोठा, म्हणून चौथी फाक ९३ अंशांची करायची आणि गोल ३६० वर बंद करायचा. शेकड्यालाही हीच रीत लावावी. सगळ्यांचे दशांश सोडले तर ३४, २२, १६, २५ म्हणजे ९७. उरलेले तीन टक्के.९५, .८० आणि .६८ वाल्यांना एकेक. झाले ३५, २२, १७, २६. बेरीज शंभर. दुसरा भाग २३ ऐवजी २२ लिहिला म्हणून कुणी हरकत घेतली तर खाली "पूर्णांकात" एवढा शब्द लिहावा. शेवटच्या फाकेत फरक गुपचूप जिरवण्याची पद्धत आहे, ती आम्हाला पसंत नाही. शेवटची फाक लहान असते आणि लहान फाकेलाच एक अंश जास्त बोचतो.

वस्तू तयार करून बड्या दुकानांना पुरवणाऱ्या कारागिरांनी, उद्यम नोंदणी केलेली असेल तर, फाकांची एक सीमा पंचेचाळीस दिवसांवर ठेवावी. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे देणे चुकते करायला, लेखी करार असला तरी, पंचेचाळीस दिवसांपलीकडे मुदत नाही. ती रेघ गोलावर दिसली की वसुलीला जाताना बोलायला बळ येते.

शेकडा कशावरचा?

गोल चुकण्याचे खरे कारण बहुतेक वेळा गुणाकारात नसते. शेकडा कशावर घेतला हे विसरण्यात असते. चारशेला आणलेली साडी पाचशेला विकली. "पंचवीस टक्के सुटले" असे आपण म्हणतो. ते खरेदीवर पंचवीस टक्के झाले. पण पाचशे रुपयांच्या विक्रीचा गोल काढायचा असेल तर नफ्याचे शंभर रुपये हे पाचशेतले वीस टक्के, म्हणून फाक ७२ अंशांची. पंचवीस धरून ९० अंशांची काढली तर नफा अठरा अंशांनी फुगला, आणि त्या फुगलेल्या नफ्याच्या भरवशावर घरखर्च ठरवणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

जीएसटीचेही तसेच. हजार रुपयांच्या मालावर अठरा टक्के कर लागला की बिल ११८० चे. त्या बिलात कराचा वाटा अठरा टक्के नाही. १८० भागिले ११८०, म्हणजे १५.२५ टक्के, सुमारे ५५ अंश. जकातीचा अडीच टक्का ९ अंशांचा भरतो हे वर आले, पण तो बेकरीच्या त्या "किरकोळ" फाकेशेजारी महिन्याच्या खर्चाच्या गोलात काढायचा नसतो. त्याचा पाया वेगळा. विक्री किंवा महिन्याची कमाई नव्हे, तर निसाबाइतक्या किंवा त्याहून अधिक मालमत्तेवर चांद्र वर्ष पूर्ण झाल्यावर तो निघतो. ज्याचा पाया वेगळा त्याचा गोल वेगळा.

पायाची ही गल्लत कर्जाच्या प्रकरणात सर्वांत महागात पडते. २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे उदाहरण घ्या. त्याच्या नियमांत अल्पसंख्याक विशेष प्रवर्गात धरले गेले: स्वतःची रक्कम प्रकल्पाच्या पाच टक्के, अनुदान ग्रामीण भागात पस्तीस टक्के आणि शहरी भागात पंचवीस टक्के. उत्पादन उद्योगासाठी प्रकल्पाची मर्यादा २०२२ मध्ये पंचवीस लाखांवरून पन्नास लाखांवर गेली. (अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाचे नियम जिल्हा उद्योग केंद्रात जरूर पाहावेत.) एका खेड्यातील वेल्डिंग कारागिराने आठ लाखांच्या शेडसाठी प्रकल्प अहवाल केला. त्याने लिहिले: बँकेचे कर्ज पंचाण्णव टक्के, अनुदान पस्तीस टक्के, स्वतःचे पाच टक्के. प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर खरा होता. एकत्र केले तर १३५ टक्के, म्हणजे ४८६ अंश. कागद परत आला आणि त्याला वाटले आपल्याला मुद्दाम फिरवत आहेत.

चूक अशी झाली की अनुदान हे कर्जाच्या शेजारी बसत नाही, कर्जाच्या पोटात बसते. बँक पंचाण्णव टक्के देते. अनुदानाची रक्कम तीन वर्षे मुदत ठेवीत राहते आणि पुढे नियमाप्रमाणे कर्जखात्याला वळती होते. तेव्हा गोल दोनच पद्धतींनी काढता येतो. सुरुवातीचा: स्वतःचे ४०,००० म्हणजे १८ अंश आणि बँकेचे ७,६०,००० म्हणजे ३४२ अंश. किंवा अखेरचा भार दाखवणारा: स्वतःचे १८ अंश, अनुदान २,८०,००० म्हणजे १२६ अंश, आणि आपल्याला खरोखर फेडायचे मुद्दल ४,८०,००० म्हणजे २१६ अंश. शहरातील अर्जदाराचा हाच दुसरा गोल १८, ९० आणि २५२ अंशांचा होईल. दोन्ही गोल शेजारी-शेजारी काढून अहवालाला जोडले तर मॅनेजरला विचारायला फारसे उरत नाही. फाका एकमेकींवर चढता कामा नयेत, ही कसोटी कोणत्याही यादीला लावून पाहावी: "ही रक्कम दुसऱ्या एखाद्या फाकेत आधीच आली आहे का?"

कॉम्प्युटर किंवा मोबाईल आता हा गोल क्षणात काढून देतो, रंगही भरतो. पण त्याला १३५ टक्के दिले तरी तो तक्रार करत नाही. तो मुकाट्याने १३५ लाच पूर्ण गोल धरतो आणि सुबक चित्र हातात देतो. चूक झाकली जाते. कोनमापकाने काढणाऱ्याला निदान जागा अपुरी पडते. म्हणून पहिले दोन-तीन गोल तरी हाताने काढावेत असे आमचे मत आहे.

काही हिशेब गोलात बसत नाहीत. तोटा बसत नाही. उणे फाक काढता येत नाही. सहा-सातपेक्षा जास्त बाबी असतील तर गोल कलिंगडाच्या चिरांसारखा दिसतो आणि काहीच कळत नाही. लहान बाबी "इतर" मध्ये घालाव्यात. बारा महिन्यांची विक्री दाखवायची तर उभे स्तंभ बरे. आणि दोन गोल लहान-मोठे काढून तुलना करायची हौस असेल तर सांभाळून. ईदच्या महिन्यात विक्री दुप्पट झाली म्हणून त्रिज्या दुप्पट केली तर गोलाचे क्षेत्रफळ चौपट होते आणि पाहणाऱ्याला विक्री चौपट वाटते. दुप्पट विक्रीसाठी त्रिज्या १.४१ पट हवी. पाच सेंटिमीटरचा गोल सात सेंटिमीटरचा, एवढेच.

कापड बाजारातील आमच्या दुकानदारांनी गाळ्याचा विषय पुढे ढकलला आणि चौथ्या फाकेतील नावे वेगळ्या कागदावर उतरवून वसुलीला लागले. काही जुने संबंध होते, काही नातलग. सगळ्यांना एकच भाषा लावून चालत नाही. कुणाकडून हप्ते ठरवले, कुणाकडून माल परत घेतला. रमजानपूर्वी मुलीने पुन्हा गोल काढला. एकूण उधारी ३,६१,२०० झाली होती आणि नव्वद दिवसांवरची ६१,५००. फाक ९२ अंशांवरून ६१ अंशांवर आली.

दुकानदार खूश झाले, पण मुलीने वहीत आणखी एक गणित मांडून दाखवले. जुनी १,१२,४०० ची रक्कम तशीच अडकलेली असती, एक पैसाही आला नसता, आणि नवी उधारी वाटून एकूण ६,६२,००० झाली असती, तरी ती फाक ६१ अंशांचीच दिसली असती. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक गोलाखाली एकूण रक्कम आणि तारीख लिहिलेली असते, आणि मागच्या महिन्याचा गोल त्याच पानावर डाव्या बाजूला चिकटवलेला असतो.